बाबांचे बूट दानात गेले तो रविवार

आमच्या घरात रंगीत तालीम केल्याशिवाय काही होत नसे. मावशीच्या लग्नाला जायचं तर बाबा आदल्या रविवारी स्कूटर काढून कार्यालयापर्यंत जाऊन येत आणि किती मिनिटं लागली ते पाकिटाच्या पाठीवर लिहून ठेवत. माझ्या परीक्षेचं केंद्र ते माझ्याआधी बघून येत, बाथरूम कुठे आहे त्यासकट. पुण्यातल्या कारखान्यात वीस वर्षं त्यांनी नव्या मशीनवर आधी 'ट्रायल' घेतल्याशिवाय माल काढला नव्हता, आणि तीच सवय घरात शिरली होती. तेव्हा जर्मनीत स्टुटगार्टला उतरल्यावर, एक अख्खा दिवस झोपून काढल्यानंतर, पहिल्या रविवारी आम्ही शहर बघायला बाहेर पडलो असं मी लोकांना सांगते ते पूर्ण खरं नाही. आम्ही बाबांच्या सोमवारची, कामावरच्या पहिल्या दिवसाची, ट्रायल घ्यायला बाहेर पडलो होतो. शहर वाटेत लागलं म्हणून बघितलं.

कंपनीने दिलेला फ्लॅट टेकडीच्या उतारावर तिसऱ्या मजल्यावर होता. सगळं सामान दुसऱ्याचं: दुसऱ्याच्या गाद्या, दुसऱ्याची काचेची टेबलं, भिंतीवर दुसऱ्याने निवडलेलं बोटीचं चित्र. आईने सकाळी सहाला पोहे करायला घेतले. तिथली विजेची शेगडी तापायला दहा मिनिटं घेई आणि एकदा तापली की बंद केली तरी निवायचं नाव काढत नसे. पोहे खालून करपले आणि वरून कच्चे राहिले. आईने कढई खिडकीपाशी नेऊन ठेवली आणि म्हणाली, "ह्या शेगडीला ना, सांगितलेलं कळतच नाही." एवढ्यात समोरच्या टेकडीवरून घंटा सुरू झाली. एक नाही, तीन-चार, वेगवेगळ्या आवाजांच्या, एकमेकींच्या बोलण्यात बोलणाऱ्या. चांगली दहा मिनिटं चालली. खिडकीची काच थरथरत होती. आई हातात कालथा घेऊन ऐकत राहिली.

मी कोणाशी बोलत नव्हते. चौदा वर्षांची होते, आणि आंतरशालेय खो-खोच्या संघात माझी निवड झाल्यावर तीन आठवड्यांनी मला विमानात बसवलं होतं. हा अन्याय कसा झाला, कोणी केला, तो टळला असता की नाही, ह्याचा विचार मी विमानात नऊ तास केला होता. शिवाय घरात खरं जर्मन येणारी मी एकटीच. शाळेत संस्कृतऐवजी जर्मन घेतलं होतं, मार्क चांगले पडतात म्हणून, आणि खरोखरच चांगले पडले होते. बाबांचा तीन महिन्यांचा क्लास आकड्यांपाशी आणि 'गुटन टाग' ह्या नमस्कारापाशी थांबला होता. ऑफिसचं काम इंग्रजीतून होणार होतं, बाकी सगळं माझ्या भरवशावर. "आपली दुभाषी आहे ना बरोबर," असं ते सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटले होते. म्हणून मी निघायच्या आदल्या दिवशी जाहीर केलं होतं, की त्या देशात मी जर्मनचा एक शब्द उच्चारणार नाही. त्यांनी ते हसण्यावारी नेलं. आता माझी मुलगी तेव्हाच्या माझ्याएवढी आहे. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि मला राग येतो तेव्हा माझं मलाच हसू येतं. भाषेचा सत्याग्रह आमच्या घराण्यात दोन्ही बाजूंनी चालत आलेला आहे.

बाबा तयार होऊन आले ते सोमवारच्या वेशात. टायसकट. पायात काळे नवे बूट. पुण्यात लक्ष्मी रोडला दोन तास घालवून घेतलेले, कडक चामड्याचे. "आजच घालून चालतो, म्हणजे उद्या चावणार नाहीत," असं त्यांचं शास्त्र होतं. दुसरा जोड नव्हता. म्हणजे होता, पण विमानतळावर जायच्या आदल्या रात्री वजनकाट्यावर बॅग दोन किलो जास्त भरली, तेव्हा आईने तो काढून कुकर घातला होता. आईनेही आयुष्यात पहिल्यांदा खेळाचे बूट घातले होते, पंजाबी ड्रेसखाली, आणि ती जिना उतरताना पाय उचलून उचलून टाकत होती.

त्या शहरात रस्त्यांपेक्षा पायऱ्या जास्त. घरातून खाली उतरायला घरांच्या मधून, द्राक्षांच्या वेलांच्या कडेने, दगडी पायऱ्यांची एक वाट जात होती. बाबा मोठ्याने मोजत उतरले. दोनशे चौदा. मग म्हणाले, "येताना वेळ जास्त लागेल, तो धरला पाहिजे." रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुकानांच्या काचेत भाव लावलेले कोट, घड्याळं, चीज, आणि सगळ्यांना कुलूप. आईने दोनदा विचारलं, "अहो, काही झालंय का इथे? संप वगैरे?" बाबांना माहीत होतं की रविवारी दुकानं बंद असतात, पण इतकी बंद असतात हे माहीत नव्हतं.

स्टेशनवर बाबांनी छापून आणलेलं वेळापत्रक काढलं. त्यात गाडी दर पंधरा मिनिटांनी होती. गाडी आली नाही. बाबा प्लॅटफॉर्मच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, घड्याळ बघितलं, परत आले. नवे बूट करकरत होते. कागदावर वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की हे कामाच्या दिवसांचं वेळापत्रक आहे. मला पहिल्या नजरेत दिसलं होतं. मी आईच्या पिशवीतला चिवडा खात उभी राहिले. पंचवीस मिनिटांनी गाडी आली तेव्हा बाबा म्हणाले, "जर्मनीतसुद्धा लेट असतात म्हणजे," आणि त्यांना जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. मला माझ्या गप्प राहण्याची गोडी लागायला लागली होती. असं काही आपल्याकडे आहे आणि ते आपण देत नाही, ह्यात एक मजा असते. वाईट मजा, पण मजाच.

कंपनीचं फाटक गावाबाहेर, स्टेशनपासून दहा मिनिटांवर. बंद होतं. आत लांबलचक पांढऱ्या शेड, कुठे आवाज नाही, धूर नाही. बाबांनी फाटकाला हात लावला आणि घड्याळ बघून वही काढली. चौकीतला पहारेकरी बाहेर आला. टाय लावलेला एक माणूस, पिशवी घेतलेली बायको, तोंड पाडलेली मुलगी, रविवारी सकाळी फाटक चाचपत आहेत, तर तो येणारच. बाबा घाईघाईने म्हणाले, "टुमॉरो. टुमॉरो आय जॉइन." त्याने बाबांना वरपासून खालपर्यंत बघितलं, हसला, म्हणाला, "या, या. मॉर्गन," म्हणजे हो हो, उद्या, आणि परत गेला. बाबा तिथेच उभे राहिले. मग शेडकडे बघत म्हणाले, "माणसंच दिसत नाहीत गं." आई म्हणाली, "अहो, रविवार आहे." तरी ते जरा वेळ बघत राहिले. समोरच्या बाकावर बसून आम्ही स्टेशनवरच्या एकमेव उघड्या बेकरीतून घेतलेला एक मोठा खारा ब्रेझेल पाव लसणीच्या चटणीबरोबर तिघांत खाल्ला. बेकरीतल्या बाईशी बाबा बोटांनीच बोलले होते, आणि त्यांना हवे होते तीन. मी तेव्हाही गप्पच होते.

परत येईपर्यंत बारा वाजत आले. पायऱ्या चढून वर आल्यावर आई म्हणाली, "तुमचं झालं. आता माझं काम." नव्या गावात पाय ठेवला की आधी ग्रामदैवताला जायचं, ही तिच्या माहेरची रीत. मध्यंतरी बाबांची बदली नगरला झाली होती तेव्हा सामान टेम्पोत असतानाच ती देवळात जाऊन आली होती. बाबा म्हणाले, "अगं, इथे कुठलं ग्रामदैवत?" आई म्हणाली, "सकाळी घंटा वाजली ती ऐकलीत ना? सगळ्या गावाला ऐकू जाते ती ग्रामदैवताचीच असते."  ह्यावर आजही कोणाकडे उत्तर असेल असं मला वाटत नाही. तिच्या पर्समध्ये खडीसाखरेची पुडी होती, पुण्याहून त्याचसाठी आणलेली.

समोरच्या टेकडीवरच्या चर्चपाशी पोहोचलो तेव्हा आतली प्रार्थना नुकतीच संपली असावी. माणसं बाहेर उभी राहून गप्पा मारत होती, एकेक करून पांगत होती. दाराबाहेरच्या कमानीखाली आई थांबली आणि पायांकडे बघायला लागली. बाबा म्हणाले, "इथे काढत नाहीत. तसेच आत जातात." "देवाच्या दारात बुटाने?" आई म्हणाली, "कोणी काढो न काढो, आपण काढू." आणि तेवढ्यात तिला भिंतीकडेला ते दिसलं: बुटांची रांग. चाळीस-पन्नास जोड, बायकांचे, पुरुषांचे, मुलांचे, नीट मांडलेले, आणि प्रत्येक जोडाच्या नाड्या एकमेकींना बांधलेल्या. "बघा!" आई जिंकल्याच्या आवाजात म्हणाली, "काढतात की. आणि किती शहाणी माणसं, एकाचा दुसऱ्यात जायला नको म्हणून बांधून ठेवतात. आपल्याकडे तुळशीबागेतल्या देवळात असं केलं तर किती बरं होईल." इतके बूट बाहेर आणि आत माणसं मोजकीच, हे गणित तिघांपैकी कोणीही केलं नाही. बाबांनी बूट काढले, आईने दोन्ही जोडांच्या नाड्या बांधून रांगेत शेवटी ठेवले.

रांगेच्या वर पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. आम्हाला शिकवलेल्या अक्षरांसारखं ते वळणदार नव्हतं, पण वाचता येत होतं. वापरलेले पण चांगले बूट, गरजू लोकांसाठी, कृपया जोडी बांधून ठेवा. एक-दोन शब्द अडले, बाकीचं कळलं. पुरेसं कळलं. मी आईकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. तोंड उघडायला एक क्षण होता, आणि त्या क्षणात मला विमान आठवलं, खो-खोचं मैदान आठवलं, 'आपली दुभाषी' आठवलं. होऊ दे गंमत, असं मी मनात म्हटलं. फार तर कोणीतरी येऊन हसेल आणि ह्यांची फजिती होईल, एवढंच मला वाटत होतं. माझे कॅनव्हासचे बूट मात्र मी रांगेत ठेवले नाहीत. कमानीच्या खांबामागे सरकवून ठेवले.

आत थंड होतं. मोज्यातून फरशी लागत होती. आईने आधी प्रदक्षिणेचा मार्ग शोधला आणि सापडला नाही तेव्हा बाकांच्या कडेकडेने स्वतःच एक काढला. मेणबत्त्या लावतात तिथे खडीसाखर ठेवली. वर कोणीतरी ऑर्गनचा सराव करत होतं, चार स्वर वाजवायचं, चुकायचं, पुन्हा वाजवायचं. आम्ही तिघं एका बाकावर बसलो. आई आधी देवाकडे बघत होती, मग मांडीवरच्या हातांकडे. अठरा वर्षांची बँकेतली नोकरी सोडून आली होती ती. तिने ओढणीने डोळे टिपले आणि मी वर रंगीत काचांकडे बघितलं. बाबा सारखे मनगट वळवून घड्याळ बघत होते, ट्रायल संपलेली असूनही. पायाचे अंगठे मोज्यांच्या आत हलवत होते. तिथे आम्ही अर्धा तास तरी बसलो असू, कारण उठून घरी जायचं म्हणजे त्या दुसऱ्याच्या घरी जायचं होतं.

बाहेर आलो तर भिंत मोकळी. एक बूट नाही. पुठ्ठासुद्धा नाही. रस्त्याच्या खालच्या टोकाला एक पांढरी व्हॅन हळूहळू उतरत होती आणि तिच्या मागच्या काचेला टेकून गोण्या रचलेल्या दिसत होत्या. बाबांना ते माझ्याइतक्याच चटकन कळलं. ते पळाले. माझे वडील, सेहेचाळीस वर्षांचे, टाय खांद्यावरून मागे उडतो आहे, पायात नुसते मोजे, दगडी रस्त्यावर, उतारावर. मी त्यांना त्याआधी कधी पळताना बघितलं नव्हतं. तालीम करून निघणाऱ्या माणसाला पळायची वेळ येत नाही. कोपऱ्यावरून ते वळले आणि दिसेनासे झाले. आई कमानीखाली उभी राहून, "देवा, देवा," म्हणत होती.  बऱ्याच वेळाने ते सावकाश चालत परत आले. "गेली," म्हणाले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

"उद्याचं काय हो?" आई म्हणाली. उद्या सकाळी साडेसातला त्यांना मोठ्या साहेबांसमोर उभं राहायचं होतं आणि घरात त्यांच्या नावाने फक्त न्हाणीघरातल्या रबरी सपाता होत्या. अख्ख्या शहरात बुटांचं एक दुकान उघडं नव्हतं. बाबा पायरीवर बसले. "कुकरऐवजी बूट घेतले असते तर," ते सुरू करत होते, तर आई फाडकन म्हणाली, "मग उद्या बुटात भात लावणार होतात का?" आणि लगेच तिचा चेहरा पडला. मग तिला खांबामागचे माझे बूट दिसले. "पोरीचे तरी राहिले," ती म्हणाली, "देवाची कृपा." बाबांनी माझ्या बुटांकडे बघितलं. मग माझ्याकडे. 

चर्चची देखभाल करणाऱ्या एक साठीच्या बाई दार लावायला बाहेर आल्या. राखाडी केस, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बाबा उठून उभे राहिले, "मॅडम, शूज, अवर शूज," म्हणाले आणि पुढे हात नुसते हवेत फिरवले. बाईंना कळेना. बाबा तसेच हसरा चेहरा करून उभे, अंगठा बाहेर आलेला, आणि मला ते सहन होईना. मी पुढे झाले. वर्गात पाठ केलेली सगळी वाक्यं कुठे गेली कोण जाणे, मी म्हटलं, "माफ करा. माझ्या वडिलांचे बूट दान नव्हते." त्या देशात मी जर्मनमध्ये बोललेलं पहिलं वाक्य ते. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग आई-बाबांच्या चार मोज्यांकडे, मग मोकळ्या भिंतीकडे. "आख गॉट!" म्हणजे अरे देवा, असं म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले, मग आईच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाल्या जे मला अजिबात कळलं नाही, कारण ते पुस्तकातलं जर्मन नव्हतं, त्या भागातलं होतं. पुन्हा सावकाश सांगितल्यावर कळलं: व्हॅन अजून चार गावं करून दूरच्या गोदामात जाते, आज काही मिळायचं नाही. "आल्झो," म्हणजे तर मग, असं म्हणाल्या, आणि बाबांच्या पायाकडे बोट दाखवून मला नंबर विचारला. तळघरात चर्चच्या जत्रेतलं न खपलेलं सामान होतं. तिथून त्या एक जोड घेऊन आल्या. तपकिरी, जाड तळाचे, जुन्या घडणीचे, आणि बाबांच्या पायाला दोन नंबर मोठे. बाबांनी घालून चार पावलं टाकली. बाई म्हणाल्या, "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर, आणि आईच्या मुठीत मेणबत्त्यांपाशी राहिलेली तिची खडीसाखरेची पुडी परत ठेवली. आईने त्यातले दोन खडे त्यांच्याच हातावर ठेवले. त्यांनी ते लगेच तोंडात टाकले.

आईच्या मापाचं तळघरात काही नव्हतं. मोज्यांवरच घरी येऊन तिने वरण-भात लावला. कुकरची शिट्टी त्या शांत इमारतीत इतकी मोठी वाजली, की खालच्या मजल्यावर कोणीतरी दार उघडून बघितलं. जेवण झाल्यावर, भांडी ज्यात गुंडाळून आणली होती ती मराठी वर्तमानपत्रं फाडून तिने बोळे केले आणि बुटांच्या पुढच्या भागात ठासले. बाबांच्या पॉलिशची डबी काळी होती, म्हणून ते जुन्या बनियनच्या तुकड्यावर खोबरेल तेल घेऊन बाल्कनीत बसले. चार-साडेचारचं ऊन होतं. समोरच्या टेकडीवर झाडं पिवळी झाली होती. मी आत बोटीच्या चित्राखाली पुस्तक उघडून बसले होते आणि एक ओळ वाचली जात नव्हती.

"मिनू," त्यांनी हाक मारली. मी गेले. "तुझे बूट खांबामागे का ठेवलेस?"

उत्तर तयार होतं. रांगेत जागा नव्हती, असं. तीनदा मनात म्हणून बघितलं होतं. तोंडातून आलं ते वेगळंच. "मला वाचता आलं होतं, बाबा. बूट देण्यासाठी आहेत, असं लिहिलं होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही. गाडीचंही मला कळलं होतं. मला इथे राहायचंच नाहीये." आणि मग मला रडू फुटलं. मला त्यांनी ओरडायला हवं होतं. एकदा ओरडले असते की झालं असतं. ते बुटाच्या टाचेला तेल लावत राहिले.

"व्हॅन गेली नव्हती," ते म्हणाले.

"म्हणजे?" मी म्हटलं.

"कोपऱ्यावर सिग्नलला उभी होती. माझ्यापासून वीस पावलांवर. काच उघडी होती, आत गाणं लागलेलं ऐकू येत होतं. एक हाक मारली असती तरी थांबला असता तो." त्यांनी फडकं उलटं केलं. "नाही मारली. म्हटलं, बूट नाहीत म्हणजे उद्या जायला नको. इतकं हलकं वाटलं मला. सिग्नल सुटेपर्यंत तसाच उभा राहिलो."

आतून आईच्या भांड्यांचा आवाज येत होता. माझ्या डोक्यात तोपर्यंत, नको असलेल्या ठिकाणी न्यायचं काम मोठ्यांचं आणि तिथे नको वाटायचं काम माझं, अशी वाटणी होती. ती तिथे मोडली. मला त्यांची भीती वाटली आणि खूप माया आली, दोन्ही एकदम.

"आईला सांगू नकोस," ते म्हणाले.

"तुमचं, का माझं?"

"दोन्ही."

मी डोळे पुसले, त्यांच्या शेजारी खाली बसले आणि दुसरा बूट मांडीवर घेतला.